दोष आढळला नाही

४ फेब्रुवारी

ढब्बू,

इंटरनेट विकणारी बाई टपालाने पत्र लिहितेय म्हणून आधी हसून घे. हसलास? आता वाच. तुमची कंपनी नोकरांच्या मेल वाचते, फोन टेप करते, आणि माझ्यासारख्या किरकोळ माणसाशी ऑफिसबाहेर धंद्याचं बोललास तर तुला नोटीस मिळते, हे तूच मला सांगितलं होतंस. टपालाची पाकिटं फोडायला मात्र अजून कुणी ठेवलेलं दिसत नाही. म्हणून हा कागद.

काकूची लाईन बंद पडली आहे. तुझ्या आईची. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ती टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि तुझं तोंड बघते, ते आता बंद. कालही चहा घेऊन काळ्या काचेसमोर बसली होती. मला म्हणाली, "तुझं इंटरनेट मेलंय गं." माझं! ऐक हां, राग आला की मी पहिल्यापासून सुरू करते. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार तुमची. खांब तुमचे, कोपऱ्यावरची पेटी तुमची, पेटीचं कुलूप तुमचं. आम्ही तुमच्याकडून घाऊक घ्यायचं आणि आमच्या नावाने घरोघर विकायचं. टाकी तुमची, पाईप तुमचा, नळावर तेवढं आमचं नाव. पाणी गेलं की शिव्या नळाला.

बरं, तार दुरुस्त करायला मी हात लावू शकत नाही. तुमच्या घाऊक विभागाकडे तक्रार टाकायची आणि हात जोडून बसायचं. टाकली. तुमचा शिडीवाला काकूच्या दारात आलाच नाही. कोपऱ्यावर गाडी उभी केली, पान खाल्लं, थुंकला, गेला. संध्याकाळी तक्रार बंद. शेरा काय? "दोष आढळला नाही."

आणि आता खरी घाण ऐक. माझ्या ज्या ज्या गिऱ्हाइकाची तक्रार मी तुमच्याकडे टाकते, त्याला लगेच तुमच्या विक्रीवाल्यांचा फोन येतो. "तुमचं इंटरनेट त्रास देतंय असं कळलं. आमच्याकडे या." कळलं कुठून? मी सांगते फक्त तुझ्या विभागाला. त्या विभागाचा साहेब कोण? तर आमचा ढब्बू, ज्याला मी नाक पुसायला शिकवलं. जरा उत्तर दे बघू.

ताई

◆

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रागावलं की उजवीकडे पळतं.

आईच्या लाईनचं वाचून वाईट वाटलं. पण मी माझ्या आईची तक्रार वर ओढली तर उद्या सगळे म्हणतील की साहेब घरच्यांचं आधी बघतो. ते मला जमणार नाही. नियम सगळ्यांना सारखा.

तुझा दुसरा आरोप मात्र मी मनाला लावून घेतला. अगं, आमच्याकडे घाऊक विभाग आणि विक्री विभाग यांच्यामध्ये भिंत आहे. कायद्याने बांधलेली. तुम्हा छोट्या लोकांची गिऱ्हाइकं आमच्या विक्रीवाल्यांना कळू नयेत म्हणूनच. त्यांचा मजला वेगळा, आमचा वेगळा. माझं कार्ड त्यांच्या दारावर चालत नाही. कॅन्टीनसुद्धा वेगळं, आणि त्यांच्याकडची कॉफी चांगली आहे असं म्हणतात, पण मी ती कधी चाखलेली नाही. दरवर्षी मी स्वतः लिहून देतो की भिंत शाबूत आहे. गंमत म्हणून लिहून देत नाही.

लोक त्रासले की चार ठिकाणी बोलतात. विक्रीवाल्यांच्या कानावर येतं. यात आमचा काय दोष? तुझी गिऱ्हाइकं गळतायत याचं दुःख मला आहे, पण नाचता येईना अंगण वाकडं असं करू नकोस.

दाजींना नमस्कार. आईला म्हणावं फोन करतो.

ढब्बू

◆

२० फेब्रुवारी

ढब्बू,

अंगण वाकडं म्हणालास ना? मी अंगण बघून आले.

कोपऱ्यावरच्या तुमच्या पेटीचं दार एका बिजागरीवर लोंबतंय. कुलूप आहे, पण दाराला, पेटीला नाही. मी नुसतं वाकून पाहिलं. शी! अजून तो वास माझ्या नाकातून जात नाही. खाली हिरवं पाणी साचलेलं, त्यात मेलेली घूस, फुगलेली. तिच्यावर मुंग्या. तारांच्या सांध्यांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून वर रबरबँड लावलेत. आणि या चिखलातून माझ्या सगळ्या गल्लीचं इंटरनेट जातं. माझ्या नावाने विकलेलं. मी दुकानात गिऱ्हाइकाला "आमची सेवा" म्हणते ना, तेव्हा आता मला ती घूस दिसते.

दाजींनी फोटो काढला आणि तक्रारीला जोडला. घूस काढायला कुणी आलं नाही, पण आम्हाला नोटीस आली: कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड. वा रे वा! चोर तो चोर आणि वर शिरजोर.

दुकानाचं सांगते. चपला शिवणाऱ्याच्या वरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही फोन उचलतो, एवढंच आमचं भांडवल. तुमच्याकडे फोन केला तर एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. आमच्याकडे मी बोलते. त्यासाठी लोक आमच्याकडे आले, आणि आता फोन उचलूनही मी त्यांना काय सांगू? "तार त्यांची आहे हो." एकदा ऐकतात, दोनदा ऐकतात. मग तुमच्या विक्रीवाल्याचा फोन येतो. या वेगाने पावसाळ्याआधी दुकानाला कुलूप लागेल. तुमच्या कंपनीचं पत्रही येऊन पडलंय: गिऱ्हाइकं आम्हाला विकून टाका, चार पैसे देऊ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आम्ही सगळे छोटे लोक मिळून देखरेख मंडळाकडे गेलोय. मंडळ म्हणतं, पुरावा आणा. भिंतीतून नावं बाहेर जातात हे दाखवा, मग शिडीवाले त्या कंपनीच्या हातून काढून घेतो. तसं झालं तर आम्ही जगू.

तर मी पुरावा आणणार आहे. कसा ते विचारू नकोस.

ताई

◆

२६ फेब्रुवारी

ताई,

कृपा करून काही उद्योग करू नकोस. तुला माझी शपथ. तू काही खोटंनाटं टाकलंस आणि आपलं नातं बाहेर आलं तर माझी खुर्ची जाईल. ती मी फुकट मिळवलेली नाही.

आईच्या तक्रारीची मी नुसती चौकशी केली. रांगेत आहे. होईल.

ढब्बू

◆

९ मार्च

ढब्बू,

उद्योग केला. आणि तो माझ्यावरच उलटला. आता नीट बसून वाच, उभ्याउभ्या वाचण्यासारखं नाही.

काकूच्या लाईनची मी नवीन तक्रार टाकली. पत्ता खरा, नंबर खरा, बिघाड खरा. फक्त "संपर्कासाठी नाव" या रकान्यात लिहिलं: ढब्बू. म्हटलं, हे नाव जगात आपल्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नाही. तुझ्या बायकोलासुद्धा तू सांगितलेलं नाहीस, लाज वाटते म्हणून. हे नाव मी कुणाशी बोलले नाही, कुठे लिहिलं नाही, गेलं ते फक्त तुझ्या विभागात. आता विक्रीवाल्याच्या तोंडून हेच नाव आलं, की तुझी भिंत किती जाड आहे ते आंधळ्यालाही दिसेल.

काकूला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊकच आहे. इथेच माझं चुकलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिच्या दारात एक टायवाला. बुटांना चकाकी, हातात फाईल, तोंडात साखर. म्हणाला, "ढब्बूसाहेब इथेच राहतात ना?"

काकूच्या चेहऱ्यावरचं ऊन मी बघितलं नाही, पण तिने मला चार वेळा सांगितलं तेव्हा ते परत पडलं. तिला वाटलं, तू पाठवलास! मोठ्या कंपनीत साहेब, उघड मदत करता येत नाही, नियम आडवे येतात, म्हणून पोराने गुपचूप माणूस धाडला; आणि आईला खूण पटावी म्हणून घरचं नाव सांगून धाडला. मला म्हणते, "ते नाव ऐकलं आणि मी बाई दार सताड उघडलं." त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तो दाखवेल तिथे सह्या केल्या. त्याला म्हणाली, "ढब्बूने पाठवलं ना तुम्हाला?" तो मेला काय म्हणाला असेल? "हो हो आई, त्यांनीच."

झालं. काकू आता माझी गिऱ्हाईक नाही. दोन वर्षं तुमची. आणि ऐक, सह्या होऊन चहाचा कप विसळायच्या आत तिची लाईन चालू झाली. ज्या लाईनीत दोष आढळतच नव्हता ती! शिडीवाला कोपऱ्यावरच उभा होता, काकूने खिडकीतून पाहिलं. टायवाल्याने फोन केला, त्याने पेटीत हात घातला, संपलं. म्हणजे तार मेलेली नव्हती रे, तिला मारून ठेवलं होतं. तुझ्या आईला इतके दिवस काळ्या काचेपुढे बसवून ठेवलं, आणि ती तुमची झाल्याबरोबर तिला तुझं तोंड परत दिलं. मला त्या घुशीची एवढी किळस आली नव्हती.

त्या संध्याकाळी काकू तुझ्याशी बोलली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ती म्हणाली, "तू माणूस पाठवलास, फार बरं केलंस हो." आणि तू काय म्हणालास ढब्बू? मी माझ्या कानांनी ऐकलं. तू म्हणालास, "असू दे गं आई."

असू दे? तू पाठवला होतास का? नव्हतास ना? मग ते आभार खिशात का घातलेस?

ताई

◆

१८ मार्च

ताई,

तुझं पत्र मी जिन्यात उभा राहून वाचलं. तीनदा.

आई काय म्हणतेय ते मला त्या वेळी कळलं नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे कळलं होतं, अर्धवट. ती खूश दिसत होती, म्हणून म्हटलं असू दे. एवढंच.

मग मी शोधलं. ताई, भिंत खरंच शाबूत आहे. कार्डं बरोबर, मजले वेगळे, एक कागद इकडचा तिकडे जात नाही. मला त्याचाच अभिमान होता. पण शिडीवाले दोन्ही विभागांना एकच आहेत. कंत्राटावर. मी तुझी तक्रार त्यांच्या हातातल्या मशीनवर पाठवतो. त्यांना काम करायचं तर नाव-पत्ता हवाच. आणि तेच मशीन विक्रीवाल्यांनी दिलेलं आहे. नवीन गिऱ्हाईक आणून दिलं तर शिडीवाल्याला बक्षिसी. दुरुस्ती करून दिली तर काही नाही. मग तो दुरुस्ती कशाला करेल? मी भिंतीवर पहारा देत बसलो आणि खालून बोगदा होता. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. मी तर नुसतं तळं राखलं, चाखलं दुसऱ्यांनीच.

वर जाऊन सांगितलं. मोठ्या साहेबांना धक्का वगैरे बसला नाही. त्यांनी मला ती चांगली कॉफी पाजली. म्हणाले, तुमच्यासारखी बारकाईने बघणारी माणसं हवीत. मग म्हणाले, मंडळापुढे काय बोलायचं ते आपण मिळून ठरवू. घरी येऊन दोनदा तोंड धुतलं.

तू घाबरू नकोस. सुनावणीला मी स्वतः येतो. ढब्बू हे नाव फक्त माझ्या विभागात आलं होतं आणि तिथून कसं बाहेर गेलं, हे मी उभा राहून सांगेन. नोकरीचं पुढचं पुढे बघू. तुझं दुकान राहिलं पाहिजे.

आईला तूर्त काही सांगू नकोस. तिला मी समोर येऊन सांगेन.

ढब्बू

◆

२१ एप्रिल

साहेब,

सुनावणी झाली. तुमची खुर्ची रिकामी होती.

मी सकाळपासून दाराकडे बघत होते. दाजी म्हणाले, गाडी चुकली असेल. मी म्हटलं, येईल, त्याने लिहिलंय. मूर्ख मी! मंडळाच्या त्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि तुमचा वकील घड्याळ बघत होता, जसं काही त्याला माहीतच होतं कुणी येणार नाही म्हणून.

मग त्याने एक कागद वाचला. घाऊक विभागाच्या प्रमुखाने लिहून दिलेला, खाली सही. "सदर तक्रारीची चौकशी केली. भिंत शाबूत आहे. दोष आढळला नाही."

तेच शब्द. शिडीवाल्याने पान थुंकून मशीनवर जे दाबलं, तेच तू पेनाने लिहिलंस. त्याला निदान बक्षिसी मिळते, तुला काय मिळालं?

मी उठून ढब्बूचं सांगायला लागले, तर वकील म्हणाला, "या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. ग्राहक बाईंनी स्वखुशीने सह्या केल्या आहेत." खोलीत दोघंतिघं हसले. माझ्या घरातलं नाव, काकूने तुला मांडीवर घेऊन ठेवलेलं, आणि ते हसले. तुझी पत्रं माझ्या पर्समध्ये होती. काढून त्यांच्या तोंडावर टाकली असती तर खेळ संपला असता, तुझाही. हात पर्सपर्यंत गेला होता. काढली नाहीत. काकूचं तोंड आडवं आलं. त्याचीसुद्धा आता मला चीड येते.

मंडळाने तक्रार निकाली काढली. आज मी तुमच्या कंपनीच्या त्या पत्रावर सही केली. सगळी गिऱ्हाइकं तुमची. पाटी उतरवताना खालचा चपलावाला धरायला आला, त्याला म्हटलं राहू दे, हलकी आहे. घरी आले आणि हात धुतले. वास काही जात नाही.

आता आपला पत्रव्यवहार पुरे. उत्तर पाठवू नकोस.

◆

३ मे

ताई,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय.

त्यांनी मला सुनावणीच्या आदल्या दिवशी बोलावलं. कागद तयार होता. म्हणाले, भिंत शाबूत आहे हे तर तुम्हीच दरवर्षी लिहून देता, यंदाही तेवढंच लिहायचं. त्यात खोटं काय आहे? घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सही केली. आता मला वरच्या मजल्यावर खोली दिली आहे. मी त्या खोलीत बसतो आणि काहीच करत नाही. स्वतःचीच शिसारी येते, पण ते तुला सांगून काय उपयोग.

एकच विचारायचं आहे. आई बरेच दिवस स्क्रीनवर येत नाही. फोनही उचलत नाही. मी तिच्या लाईनची तक्रार आमच्याच विक्रीवाल्यांकडे टाकली, त्यांनी तपासलं. पण तुला माहीतच आहे, त्यांच्या तपासण्यावर माझा विश्वास नाही. तू जरा घरी जाऊन बघशील? तार कुठे तुटली असेल.

ढब्बू

◆

११ मे

बाळा,

ताईने तुझं पत्र आणून माझ्या हातात दिलं. मागची पत्रंही दिली, तुझी आणि तिने उतरवून ठेवलेली स्वतःचीही. चष्मा पुसून पुसून सगळी वाचली. दोन दिवस लागले.

तुझ्या बाबांच्या मागे त्या पोरीने मला काही कमी पडू दिलं नाही. लाईनीचे पैसे कधी मागितले नाहीत. तिचं दुकान माझ्या सहीने बुडालं, हे मला या पत्रांतून कळावं? ती एका शब्दाने बोलली नव्हती. मी तिच्यापुढे त्या टायवाल्याचं कौतुक करत होते रे, रोज. माझा पोरगा कसा हुशार, कसा गुपचूप माणूस पाठवला. ती ऐकून घ्यायची आणि चहा ओतायची.

तू मात्र मला सांगितलं नाहीस. रोज समोर बसून सांगितलं नाहीस.

तू विचारलंस म्हणून सांगते. तार तुटलेली नाही. इंटरनेट झकास चालतं, ताईच्या वेळी चालायचं त्याहून चांगलं. तुमची माणसं दोनदा येऊन बघून गेली, घूसही काढली म्हणे. लाईनीत काही दोष नाही. मीच तो टॅबलेट साखरेच्या डब्यामागे पालथा घालून ठेवलाय. दोन वर्षांची सही आहे तर दोन वर्षं तिथेच राहील.

ताईला मी हाताशी धरलंय. ती म्हणते आता घरोघर जाऊन बिघडलेली यंत्रं दुरुस्त करेन, त्याला तरी कुणाची तार लागत नाही. माझ्या पुढच्या खोलीत बस म्हटलंय.

तुला माझं तोंड बघायचं असेल तर गाडीत बसून ये, जिना चढून ये. पण दारात येऊन ढब्बू आलाय म्हणून हाक मारू नकोस. ते नाव सांगून आलेल्या माणसाला मी एकदा आत घेतलंय.

आई